नोकरी करता करता पदवी: फी कोणाची, मान किती?

जळगावच्या एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या तेलगिरणीत पाळी संपवून, डब्याच्या पिशवीतच पुस्तक ठेवून अभ्यासाला बसणारी माणसं खानदेशात पुष्कळ आहेत. अशांसाठीच १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. आता ऑनलाइन पदवीचीही सोय आहे आणि काही कंपन्या कर्मचाऱ्याच्या फीचा वाटाही उचलतात.

तरी घरी प्रश्न येतोच, "ही पदवी चालते का?" चालते. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा यांच्या पदव्या अशा पद्धतीनं देता येत नाहीत. कुणी देतो म्हणून सांगत असेल, तर पैसे भरू नका.

फी कंपनी देणार असेल, तर तीन गोष्टी लेखी घ्या. पैसे आधी मिळणार की पास झाल्यावर? नापास झाल्यास काय? आणि नोकरी सोडल्यास किती रक्कम, किती वर्षांपर्यंत परत करायची? अशा मदतीबरोबर अनेकदा ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड येतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका.

लोकांच्या नजरेतला मान हळूहळू बदलेल. रात्रपाळी करून मिळवलेली पदवी कमी प्रतीची नसते. प्रवेशाआधी आयोगाच्या संकेतस्थळावर संस्था आणि अभ्यासक्रम, दोन्हींची मान्यता स्वतः तपासा.