पुष्पावतीकाठचा तेरडा

उत्तराखंडातल्या, पुष्पावती नदीकाठच्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही. घांघरियाहून सकाळी निघायचं, फाटकावर परवाना दाखवायचा आणि दिवस मावळायच्या आत माघारी यायचं. उद्यान उघडं असतं जून ते ऑक्टोबर. एरवी दरीवर बर्फाचा अंमल.

ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतताना भ्यूंडार खिंडीतून इथे उतरला. १९३७ मध्ये तो पुन्हा आला आणि पुढच्याच वर्षी त्याने पुस्तक लिहून दरीचं नाव जगभर नेलं. मेंढपाळांना मात्र ती त्याच्याही आधीपासून ठाऊक होती.

वाट चढू लागते तशी झाडं खुजी होत जातात. शेवटी उरतात वाकडेतिकडे भूर्ज, आणि मग तेही संपतात. तापमान साधारण ५ अंशांखाली उतरलं की झाडाला नवं लाकूड घडवणं जवळपास अशक्य होतं. उंच झाडाचा शेंडा गार वाऱ्यात उभा असतो, तर जमिनीलगतच्या रोपाला तापलेल्या मातीची ऊब मिळते. इथे बुटक्यांचं फावतं ते असं.

इथली बहुतेक रोपं बहुवर्षायू. हिवाळा जमिनीखाली कंद-मुळांत काढायचा आणि बर्फ वितळला की साठवलेल्या शिदोरीवर झटपट फुलायचं. या मंडळींत तेरडा मात्र धाडसी. हिमालयातला हा तेरडा वर्षायू, म्हणजे दरवर्षी बीपासून सुरुवात. तरी तो चार-दोन महिन्यांत माणसाच्या डोक्याला लागेल एवढा वाढतो, आणि ऑगस्टात उतारच्या उतार गुलाबी करून टाकतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. इथे तो काही आठवडे टिकतो. कासच्या पठारावर फुलणारे तेरडे याचेच भाऊबंद.

एका फुलाशी पाच मिनिटं थांबावं. बंबलबी म्हणतात तो गुबगुबीत, केसाळ भुंगा थेट आत शिरतो, कारण मध मागच्या वाकड्या नळीत असतो. पुंकेसर फुलाच्या छताला. त्यामुळे परागकण बरोबर त्याच्या पाठीवर पडतात. पुढे पुंकेसरांची ही टोपी गळून पडते आणि तिच्याच जागी कुक्षी उघडी होते. मग दुसऱ्या फुलातून आलेल्या भुंग्याची पाठ नेमकी तिला घासते. गार सकाळी इतर कीटक गारठून बसलेले असताना हा भुंगा पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून अंग तापवतो आणि कामाला लागतो.

ब्रह्मकमळ पाहायचं तर दरीत शोधू नये. ते अजून उंचावर, हेमकुंडच्या वाटेवर भेटतं. त्याच्या कागदी, फिकट हिरव्या पाकळ्या खरं तर पानंच. आतल्या जांभळट फुलोऱ्याचा पावसापासून बचाव त्या करतात. आपल्याकडे ब्रह्मकमळ म्हणून जे बाल्कनीत मध्यरात्री फुलतं आणि ज्याचे फोटो घराघरांतून फिरतात, ते अमेरिका खंडातलं निवडुंग. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. पुढे पॉलिगोनम या उंच, दाट वाढणाऱ्या झुडपाने बरीच जमीन व्यापली. त्याच्या सावलीत बुटकी रोपं तगत नाहीत, म्हणून ते उपटून काढावं लागतं. मेंढ्या गेल्या म्हणून हे माजलं, असं एक मत. दरडी आणि हिमस्खलनाने उघड्या पडलेल्या जमिनीवर ते आपोआप पसरतं, हे दुसरं. दोन्हींत तथ्य असावं. दरी पुन्हा कळपांना मोकळी करा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एखाद्या पट्ट्यात मोजकी चराई होऊ द्यावी, शेजारचा पट्टा बंद ठेवावा आणि काही वर्षं दोन्हीकडची रोपं मोजावीत, एवढं करायला काय हरकत आहे?