वाढत्या अंगाची टाकी

आमच्या लहानपणी शाळेचा सदरा कधी मापाचा शिवला जात नसे. शिंपी गळ्यात टेप अडकवून पाठीवर माप घेऊ लागला की आई त्याला बजावी, "वाढत्या अंगाचा शिवा हो!" परिणामी जूनमध्ये बाह्या बोटांच्या टोकांशी खेळत आणि पुढच्या जूनमध्ये सदरा अंगाला नेमका बसू लागे, तो फाटण्याच्या बेतात आलेला असे. एवढे बालपण वाढत्या अंगाच्या कपड्यांत काढूनही मासा घरी आणताना हा साधा व्यवहार मला सुचला नाही, याची आजही लाज वाटते.

सातवीतल्या आमच्या चिरंजीवांनी गणितात कबूल केलेले गुण मिळवले आणि मला माझा शब्द पाळावा लागला. बापलेक शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले, दोन इंचांचे एक पिल्लू काचेपाशी येऊन आमच्याकडे रोखून पाहू लागले. मुलाने तिथल्या तिथे त्याचे नाव 'वाघ्या' ठेवले. दुकानदार म्हणाला, "टायगर ऑस्कर आहे साहेब. माणूस ओळखतो." दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी त्यानेच सुचवली. "पुढे मोठा होईल ना हा?" असे मी विचारलेही. त्यावर तो हसून म्हणाला, "साहेब, मासा टाकीएवढाच वाढतो." वाक्य इतके सुबक होते की ते खोटे असेल अशी शंका मराठीच्या मास्तराला आली नाही.

ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. पोटभर मिळाले तर पहिल्या वर्षात तो महिन्याला सुमारे एक इंच वाढतो आणि दहा ते बारा इंचांचा होतो. आमच्या घरी पोटभर मिळण्याची चिंता नव्हती. वाघ्या हातातून खाऊ लागला, दाराची घंटा वाजली की काचेकडे धावू लागला. पाहुण्यांचा चहा थंड होई तो त्याच्यामुळेच! आठव्या महिन्यात तो नऊ इंचांचा झाला. टाकीची रुंदी तेवढीच, एक फूट. वळायचे म्हणजे त्याला शेपूट दुमडून अंग चोरावे लागे. पाणी आज बदलले की परवा गढूळ. मग एके दिवशी तो तळाशी बसून राहिला. कल्ले भात्यासारखे हलत होते आणि डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. मुलगा त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले.

"आणलात तेव्हा किती होता?"

"दोन इंच."

"आता?"

"नऊ."

"म्हणजे किती पट वाढला?"

"साडेचार पट," मी म्हणालो. त्यांनी खडू उचलला.

"नव्वद पट! अहो, मासा म्हणजे काही दोरी नव्हे. लांबी दुप्पट झाली की रुंदी दुप्पट होते, जाडीही दुप्पट होते. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे वजन आठपट. दोन इंचांचा मासा बारा इंचांचा झाला की तो सहापट नाही, दोनशे सोळापट झालेला असतो."

खाणे आणि घाण अगदी त्याच पटीत वाढत नाही, पण इंचांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वाढते. मासा मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तो त्याच्याच कल्ल्यांना जाळतो. फिल्टरच्या स्पंजात वसलेले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, ते विषारीच. पुढे त्याचे नायट्रेट होते, ते त्या मानाने सौम्य, आणि पाणी बदलले की निघून जाते. आमच्या टाकीचे आकारमान दोन घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५६ लिटर. एवढ्याशा पाण्यात नव्वद पट झालेला वाघ्या स्वतःच्याच घाणीत बसला होता. दुकानदाराच्या वाक्यात अर्धे सत्य होते ते असे, की लहान टाकीत वाढ खुंटते. पण ती टाकीचे माप पाहून समजूतदारपणे थांबत नाही, आजारपणाने खुंटते.

तेव्हा टाकी घ्यायची ती माशाच्या आजच्या लांबीवर नव्हे, पुऱ्या वाढीवर. फूटभर होणाऱ्या माशाला निदान दीड फूट रुंदी हवी, म्हणजे तो अंग न चोरता वळेल. आणि लांबी चार फूट. उंचीचे महत्त्व सर्वांत कमी. दिवाणखान्यात उंच, निरुंद टाकी झोकदार दिसते खरी, पण हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आपल्याकडचा एप्रिल आठवा! 'माशाच्या इंचाला एक गॅलन पाणी' हा जुना ठोकताळा इवल्या निऑन टेट्रांपुरता ठीक आहे. एक इंचाचे दहा निऑन आणि दहा इंचांचा एक ऑस्कर यांना तो सारखेच पाणी देतो, वजनात शंभरपटीचे अंतर असताना!

आणि हे एकट्या ऑस्करचे नाही. दुकानात 'शार्क' म्हणून जे चकचकीत पिल्लू मिळते तो शार्क नव्हेच. तो मेकाँग नदीतला पंगस. चार फुटांच्या पुढे जाणारा हा मासा आपल्याकडे तळ्यांत खाण्यासाठी वाढवतात आणि पुष्कळ हॉटेलांत 'बासा' म्हणून वाढतात. काच साफ करणारा म्हणून आणलेला सकर दीड फुटांपर्यंत जातो. बिचारा साधा गोल्डफिश, ज्याला आपण काचेच्या वाडग्यात घालतो, तोही आठ-दहा इंचांचा होऊ शकतो. घरात जागा दोनच फुटांची असेल तर गप्पी, मॉली, झेब्रा डॅनिओ आणावेत. ते तिथे सुखाने नांदतात, आणि सुंदर दिसतात ते वेगळेच.

"बाबा, नदीत सोडून येऊ या त्याला," मुलगा म्हणाला. प्रस्ताव प्रेमळ होता. पण असेच प्रेमाने सोडलेले सकर आज भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत माजले आहेत आणि मच्छीमारांची जाळी फाडत आहेत. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. तो काही पोहत आला नव्हता.

राहता राहिली चार फुटांची टाकी. चार बाय दीड बाय दीड, म्हणजे नऊ घनफूट. सुमारे २५५ लिटर. काच, वाळू, लोखंडी स्टँड धरून वजन तीनशे किलोंच्या वर. घर तिसऱ्या मजल्यावर. ओळखीच्या इंजिनिअरांनी पाहून सांगितले की बाल्कनीत मुळीच नको, तुळईवर, भिंतीला लागून ठेवा. तशी भिंत घरात एकच होती आणि तिथे माझे पुस्तकांचे कपाट होते: वीस वर्षांचे बांधीव दिवाळी अंक त्यात. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. नुसत्या कपाटाकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिल्या.

कपाट गेले. नव्या टाकीत जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नव्हता, म्हणून जुना स्पंज न धुता नव्या फिल्टरमध्ये बसवला आणि पहिला महिनाभर दर दोन दिवसांनी थोडे पाणी बदलले. वाघ्या दुसऱ्या आठवड्यात खाऊ लागला. डोक्यावरचे खड्डे भरले, वण मात्र राहिले, आणि तो बारा इंचांचा काही झाला नाही. आता तो तोंडाने गोटे उचलून रोज टाकीची मांडणी बदलतो.

कपाट मेव्हण्यांच्या घरी आहे. "परत केव्हा नेताय?" म्हणून त्यांचा अधूनमधून फोन येतो. ऑस्कर दहा वर्षे सहज जगतो, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.