मशीन लावलं, तरी थकवा का?

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यांविषयी या सदरात मागे लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या फोनांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा होता. ठाण्याहून एका बाईंनी विचारला, अश्दोदहून एका बंधूंनी विचारला, आणि इथे शारजात तर इमारतीच्या लिफ्टमध्ये भेटणारे शेजारीही विचारतात. "सिस्टर, मशीन रोज लावतो. घोरणं थांबलं, घरातले आता शांत झोपतात. पण माझा थकवा काही गेला नाही. मग हे सगळं कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत स्लीप ॲप्निया हे नाव आलं आणि ते घरोघरी माहीत झालं. लोक तपासणी करू लागले, मशीन घेऊ लागले. दुबईतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या लोकांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात साधारण पाचांतल्या एकाला या आजाराचा धोका दिसला होता. मात्र मशीन घेतल्यानंतर काय, हे कोणी फारसं सांगत नाही. थकवा जात नाही म्हणून माणूस कंटाळतो आणि मशीन कपाटात जातं. तसं करू नका. मशीन बंद केल्यावर श्वास अडकणं लगेच परत सुरू होतं. थकव्याचं कारण शोधायचं, पण मशीन चालू ठेवून.

मशीनचं काम एकच

१९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी हा उपाय जगापुढे मांडला. व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरसारखा पंखा वापरून त्यांनी नाकातून हवेचा दाब दिला आणि झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवला. आजचं सीपॅप मशीन लहान झालं, आवाज कमी झाला, पण काम तेच आहे. ते घसा उघडा ठेवतं. रक्त वाढवत नाही, थायरॉइड सुधारत नाही, पाच तासांच्या झोपेचे आठ तास करत नाही. थकव्याला चार कारणं असतील, तर मशीन त्यातलं एक दूर करतं. उरलेली तीन आपल्याला शोधावी लागतात.

आधी ठरवा, पेंग की थकवा

डॉक्टरांकडे गेल्यावर आपण नुसतं "गळून जातं" म्हणतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. बसल्या जागी डोळे मिटतात ती पेंग. झोप येत नाही, पण हातपाय उचलत नाहीत, तो थकवा. दोन्हींची कारणं पुष्कळदा वेगळी असतात.

पेंग मोजायला मेलबर्नच्या डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ साली एक साधी पट्टी तयार केली. तिला एपवर्थ पट्टी म्हणतात. आठ प्रसंग आहेत: वाचताना, टीव्ही बघताना, सभेसारख्या ठिकाणी नुसतं बसल्यावर, तासभर गाडीत शेजारच्या सीटवर, दुपारी आडवं झाल्यावर, कोणाशी बसून बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि रहदारीत गाडी थांबलेली असताना. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव शून्य ते तीन असा लिहायचा. बेरीज २४ पैकी येते. दहाच्या वर गेली तर पेंग जास्त आहे, डॉक्टरांना सांगायलाच हवं. बेरीज चार-पाच आली आणि तरी अंगात बळ नाही, तर शोध बहुधा दुसऱ्या दिशेने करावा लागतो.

मशीनचे तीन आकडे

मशीन रात्रीची नोंद ठेवतं. पडद्यावर किंवा मोबाइलवर ती दिसते. हसरा चेहरा किंवा हिरवी खूण पाहून समाधान मानू नका, तीन आकडे वाचा.

पहिला, किती तास लावलं. बऱ्याच ठिकाणी रात्री चार तास ही पुरेशा वापराची खूण मानतात. चार तास ही सुरुवात आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की चार तासांपर्यंत माणसाला स्वतःला जाणवणारी पेंग कमी होत जाते. प्रयोगशाळेत मोजलेली पेंग सुधारायला सहा तास लागतात आणि दिवसभराची कामं नीट व्हायला साडेसात. मशीन काढून पहाटेची झोप घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि पुष्कळांचा श्वास तेव्हाच जास्त अडकतो.

दुसरा, तासाला किती वेळा श्वास अडकला. मशीन लावल्यावर हा आकडा पाचाच्या खाली यावा. सतत वर राहिला, तर दाब बदलावा लागेल किंवा श्वास अडकण्याचा प्रकार वेगळा असेल. ते डॉक्टरांचं काम. दाब आपल्या मनाने वाढवू नये.

तिसरा, हवेची गळती. माझं स्वतःचं इथेच अडलं होतं. मी एकाहत्तराव्या वर्षी मशीन सुरू केलं. पहिला महिना छान गेला, मग पुन्हा दुपारपर्यंत अंग गळू लागलं. नोंदीत रात्रभर गळती दिसत होती. मास्कचं माप दिवसा, कवळी तोंडात असताना घेतलेलं होतं. रात्री कवळी काढली की गाल आत जातात आणि मास्कच्या कडेला फट पडते. कवळी काढून माप पुन्हा घेतलं, वेगळा मास्क मिळाला आणि गळती थांबली. कवळी वापरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट माप घेणाऱ्याला सांगावी.

आखातातली हवा आणि आखातातली घाई

इथे उन्हाळ्यात एसी रात्रभर चालतो. नाक कोरडं पडतं, चोंदतं, मग तोंड उघडतं आणि तोंडातून हवा निघून जाते. मशीनला पाण्याचा डबा असतो तो वापरा. त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, रोज सकाळी ओता आणि धुवा. नळीत थेंब साचत असतील तर एसीचा झोत बिछान्यावरून दुसरीकडे वळवा. वाळूचं वादळ येऊन गेलं की फिल्टर बघा. तो काळा पडलेला असतो.

दुसरी गोष्ट घाईची. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ शारजात राहतात आणि जबल अलीला कामाला जातात. भाडं परवडतं म्हणून घर इकडे, नोकरी तिकडे. रहदारी टाळायला पाचला निघतात, रात्री आठला येतात, जेवून मुलांशी दोन शब्द बोलेपर्यंत अकरा वाजतात. साडेचारचा गजर. मशीन साडेपाच तास, गळती नाही, श्वास अडकणं दोन. सगळे आकडे उत्तम आणि माणूस थकलेला. यात मशीनचा दोष नाही आणि त्यांचाही नाही. झोपच साडेपाच तासांची आहे. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घेतलं, बाकी दिवस कार लिफ्टने जातात आणि जाताना मागच्या सीटवर डोळे मिटतात. एवढ्यानेही फरक पडला.

बेड स्पेस घेऊन एका खोलीत चौघे-सहाजण राहणाऱ्या मुलांचं याहून कठीण. कोणाची शिफ्ट रात्री, कोणाची पहाटे, दिवा चालूच. मशीन लावायची लाज वाटते. त्यांना माझं सांगणं, सोबत्यांना एकदा स्पष्ट सांगा. तुमच्या घोरण्यापेक्षा मशीनचा आवाज त्यांना बरा वाटेल.

रक्त तपासून घ्या

आकडे ठीक आणि तासही पुरेसे असतील, तर पुढची पायरी रक्ततपासणी. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे साठवलेलं लोह, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, मूत्रपिंड आणि यकृत. इथे ऊन भरपूर, पण आपण घर, गाडी, ऑफिस, मॉल असे सावलीतच फिरतो, म्हणून ड जीवनसत्त्व कमी असणं आखातात नेहमीचं आहे.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. माझं झालं होतं. इंजेक्शनं घेतल्यावर दीड-दोन महिन्यांत पायांच्या मुंग्या आणि थकवा दोन्ही उतरले. बी-१२ कमी असताना मेटफॉर्मिन आपण होऊन बंद करायचं नसतं, डॉक्टरांना विचारायचं.

संध्याकाळी पडल्यावर पाय हलवत राहावेसे वाटतात, चैन पडत नाही, असं असेल तर फेरिटिन नक्की बघा. लोह कमी असलं की हा त्रास वाढतो आणि झोप मोडते. मात्र साठी ओलांडलेल्यांचं लोह कमी झालं, तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नये. पोटातून कुठे रक्त जातं का, हे तपासावं लागतं.

गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या घेऊन जा. सर्दी-खाजेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, झोपेची गोळी, नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांनी सुस्ती येते. झोपेच्या काही गोळ्या आणि रात्रीचं मद्य घसा आणखी सैल करतात.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रीगॅबालिन, ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ही आपल्याकडे सहज लिहून दिली जातात, पण अमिरातीत ती नियंत्रित औषधं आहेत. आणायची असतील तर निघण्याआधी इथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी. प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवावं. पिशवीत सापडली तर वयाकडे बघून कोणी सोडणार नाही.

मशीन दुसऱ्याचं वापरलेलं घेतलं असेल तर अजून एक. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली बरीच मशीन परत बोलावली, कारण आवाज दाबणारा आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणून दिलेल्या जुन्या मशीनचा नंबर तपासून घ्या.

तरीही उरतो तो थकवा

सगळं तपासूनही काहींची पेंग उरते. फ्रान्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मशीन नीट वापरणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना ती होती. पायांची तळमळ, नैराश्य अशी इतर कारणं वगळल्यावर ६ टक्के राहिले. म्हणजे निम्म्यांना दुसरं कारण सापडलं, आणि निम्म्यांचा त्रास कारण न सापडताही खराच होता. वर्षानुवर्षं रात्री प्राणवायू कमी पडल्याने मेंदूतली जागं ठेवणारी केंद्रं दुखावत असावीत, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. म्हणून घरच्यांना सांगते, "मशीन आहे ना, मग आता काय?" असं म्हणू नका. अशांसाठी जागं ठेवणारी औषधं आहेत. ती फक्त झोपेच्या तज्ज्ञाने, हृदय आणि रक्तदाब पाहून द्यायची.

नैराश्याचं नाव घेतलं की आपल्याकडे लोक दचकतात. मुलाच्या व्हिसावर आलेल्या, चौदाव्या मजल्यावर दिवसभर एकट्या बसणाऱ्या बायका मी पाहते. त्यांचा थकवा रक्तात सापडत नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही, कशात जीव रमत नाही, असं दोन आठवडे चाललं तर तेही डॉक्टरांना सांगा. त्याला उपचार आहेत.

रोजचं म्हणाल तर मी असं करते. उठण्याची वेळ एकच, सुट्टीच्या दिवशीही. ऊन चढायच्या आत अर्धा तास बाहेर, उन्हाळ्यात मॉलमध्ये चालणं. दुपारी वीस मिनिटं डुलकी, तीही मशीन लावून. शुक्रवारचा स्वयंपाक गुरुवारपासून वाटून घेते, म्हणजे शब्बाथला मी जेवणाच्या टेबलाशी जागी असते. आणि कुशीवर झोपते. अबू धाबीत सादियात बेटावर २०२३ साली उघडलेल्या सिनेगॉगला ज्यांचं नाव आहे, ते मोझेस बेन मैमोन स्वतः वैद्य होते. उताणं किंवा पालथं झोपू नये, कुशीवर झोपावं, जेवल्यावर लगेच झोपू नये, आणि आठ तास झोप पुरे, असं त्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलं. ॲप्नियाच्या बऱ्याच रोग्यांचा श्वास उताणं झोपल्यावर जास्त अडकतो, हे आज झोपेच्या तपासणीत दिसतं.

गाडीबद्दल शेवटचं. पेंग येते तोवर गाडी चालवू नका. काच उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. जांभया येऊ लागल्या, गाडी लेनमधून सरकू लागली, मागचे दोन सिग्नल आठवेनात, तर पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा, कॉफी घ्या आणि वीस मिनिटं डोळे मिटा. ई-३११ सारख्या रस्त्यावर डोळा लागायला दोन सेकंद पुरतात. छातीत दुखणं, धाप, पायांवर सूज, रोज सकाळी डोकं दुखणं, वजन आपोआप उतरणं, यांतलं काहीही थकव्याबरोबर असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: मशीनचे तीन आकडे, एपवर्थची बेरीज, झोपण्या-उठण्याची वेळ आणि गोळ्यांची यादी. "थकवा आहे" असं नुसतं म्हणणाऱ्या रोग्याला दोन मिनिटं मिळतात. कागद घेऊन येणाऱ्याला डॉक्टर खुर्ची पुढे ओढायला सांगतात, हे मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पाहिलं आहे.

सर्वांना शालोम. पुढच्या अंकात पायांवरच्या सुजेबद्दल.