फ्रीजमधल्या बाटलीचा हिशेब

वजन कमी करण्याच्या सल्ल्यांमध्ये पाण्याइतका स्वस्त सल्ला दुसरा नाही, त्यामुळे तो पटकन पसरतो. सध्या त्याचे दोन अवतार ऐकायला मिळतात. पहिला जिममधला : पाणी गारेगार प्या, ते तापवायला शरीराला उष्णता खर्च करावी लागते आणि ती उष्णता चरबी जाळूनच येते. दुसरा घराघरातला : गार पाणी अजिबात नको, त्याने पोटातली चरबी गोठते, सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी घ्या, म्हणजे ती वितळते. एकाच घरात मुलगा फ्रीजमधली बाटली तोंडाला लावतो आणि आई गॅसवर पाणी कोमट करत असते. उद्देश दोघांचाही एकच. दोघेही बरोबर असणे शक्य नाही, हे तर उघड आहे. दोघेही चूक असणे मात्र शक्य आहे.

मुलाच्या बाजूने बोलायचे तर त्याचे भौतिकशास्त्र पक्के आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला एक कॅलरी उष्णता लागते, हे शाळेत शिकवलेले असते. फ्रीजमधले पाणी साधारण ५ अंशांवर असते, शरीर ३७ अंशांवर. फरक ३२ अंशांचा. अर्धा लिटर पाणी म्हणजे ५०० ग्रॅम. गुणाकार केला की उत्तर येते १६,००० कॅलरी. एका बाटलीत सोळा हजार! एवढ्यात तर आठवडाभराचे जेवण जिरले पाहिजे.

गोम आहे ती 'कॅलरी' या शब्दात. आहाराबद्दल बोलताना ज्याला सगळे कॅलरी म्हणतात, ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या हजार कॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात छापलेला आकडाही किलोकॅलरीचाच. तेव्हा १६,००० ला हजाराने भागायचे. उरतात १६. एक ग्रॅम साखरेतून साधारण ४ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे हा आकडा ४ ग्रॅम साखरेचा झाला. चहाचा एक सपाट चमचा. अर्धा लिटर बर्फगार पाणी पिऊन जी उष्णता शरीराकडून वसूल करायची, ती चहात एक चमचा साखर कमी घातल्यानेही वसूल होते. दोन चमचे साखरेचा एक कप फेडायला एक लिटर गार पाणी लागेल.

तरीही कोणी म्हणेल, थेंबे थेंबे तळे साचे. मग तळ्याचाही हिशेब करू. रोज दोन लिटर फ्रीजचे पाणी म्हणजे ६४ किलोकॅलरी. एक किलो शारीरिक चरबीत ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे एका किलोला चार महिने. पण हा हिशेबही उदारच म्हणायचा, कारण तो माणूस एरवी पाणी पीतच होता. माठातले पाणी २५ अंशांवर धरले, तर दोन लिटर तापवायला २४ किलोकॅलरी लागतात. फ्रीजमुळे झालेला निव्वळ फायदा रोजचा ४० किलोकॅलरींचा. आता एका किलोला सहा महिन्यांहून अधिक.

आणि यात गृहीत धरले आहे की पाणी तापवण्यासाठी शरीर प्रत्येक वेळी नवी उष्णता तयार करते. ते तसे करते का, याची मोजदाद प्रयोगशाळेत झालेली आहे आणि तिची गोष्ट मजेशीर आहे. २००३ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी चौदा निरोगी स्त्री-पुरुषांना २२ अंशांचे अर्धा लिटर पाणी पाजले. त्यांचा चयापचयाचा वेग पाऊण तासाच्या आत ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. एकूण जास्तीचा खर्च सुमारे १०० किलोज्यूल, म्हणजे २४ किलोकॅलरी. त्यातला ४० टक्के भाग पाणी शरीराच्या तापमानाला आणण्यात गेला, असे त्यांनी मांडले. दिवसाला दोन लिटर पाणी प्यायल्यास ४०० किलोज्यूल जास्त खर्च होतील, असा अंदाजही त्यांनी दिला. 'पाण्याने चयापचय ३० टक्क्यांनी वाढतो' हे वाक्य अजूनही फिरते, त्याचे मूळ इथे आहे.

तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. खोलीच्या तापमानाचे पाणी प्यायल्यावर त्यांना वाढ दिसलीच नाही. मग त्यांनी पाणी ३ अंशांपर्यंत गार केले. तेव्हा तासाभरात वाढ झाली, पण फक्त ४.५ टक्के. शांत बसलेला माणूस तासाला साठ-सत्तर किलोकॅलरी खर्च करतो. त्याचे साडेचार टक्के म्हणजे जेमतेम तीन. गुणाकारावरून अपेक्षा होती सतराच्या आसपासची. मग बाकीची उष्णता आली कुठून?

ती शरीराकडे फुकटच होती. चयापचयातून तयार होणारी उष्णता एरवी त्वचेतून, श्वासातून, घामातून बाहेर टाकली जाते. पोटात गार पाणी आले की शरीर आधी ही गळती थोडी आवरते. त्यासाठी नवे इंधन जाळायची गरज नसते. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात तर हे आणखीच लागू पडते. तिथे दुपारी शरीराची अडचण उष्णता तयार करण्याची नसतेच, ती घालवण्याची असते. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबाने फ्रीजच्या अर्ध्या लिटर पाण्याचा गारवा म्हणजे २८ मिलिलिटर कमी घाम, मोठे दोन चमचे. उन्हाळ्यात गार पाण्याने बरे वाटते ते याचसाठी. बरे वाटणे आणि चरबी जळणे यांचा मात्र इथे संबंध राहत नाही.

आता आईची बाजू. गार पाण्याने चरबी गोठते हा समज बहुधा खरकट्या ताटावरून आला असावा. तूप लागलेल्या ताटावर गार पाणी ओतले की ते थिजते, गरम पाण्याने निघून जाते. पोट मात्र ताट नाही. प्यायलेले गार पाणी वीस-तीस मिनिटांत शरीराच्या तापमानाला येते, आणि जेवणातल्या स्निग्ध पदार्थांचे खरे पचन पुढे लहान आतड्यात, पित्त आणि पाचकरसांच्या मदतीने होते. पोटावर किंवा मांड्यांवर साठलेल्या चरबीला तर पाण्याचा स्पर्शही होत नाही. ती पेशींमध्ये असते, वितळून वाहून जात नाही. खाणे कमी आणि खर्च जास्त झाला की तिचे विघटन होते आणि तिच्या वस्तुमानाचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो. दहा किलो चरबी गेली तर त्यातले सुमारे ८.४ किलो नाकातोंडातून हवेत जातात, उरलेल्याचे पाणी होते. कोमट पाण्याने सकाळी पोट साफ व्हायला मदत होत असेल तर जरूर प्यावे. पण त्यात मोठा चमचाभर मध घातला तर साठ किलोकॅलरी आत गेल्या. मुलाने दिवसभर रिचवलेले फ्रीजचे दोन लिटर पाणी त्या एका चमच्याने फिटते.

इथवर वाचून पाणी आणि वजन यांचा काहीच संबंध नाही असे वाटेल. तसे नाही. संबंध आहे, पण तो तापमानाशी नसून वेळेशी आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये ५५ ते ७५ वयाच्या ४८ स्थूल आणि जादा वजनाच्या व्यक्तींना १२ आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला गेला. निम्म्यांना प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायला सांगितले होते. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पाणी पिणाऱ्या गटाचे वजन सुमारे २ किलोने जास्त उतरले होते. २०१५ मध्ये बर्मिंगहॅममध्ये ८४ स्थूल प्रौढांवर असाच अभ्यास झाला. जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर नळाचे साधे पाणी. १२ आठवड्यांनी फरक १.३ किलोचा. भरलेल्या पोटी माणूस कमी वाढून घेतो, एवढे साधे स्पष्टीकरण त्याला पुरते.

वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो आणि शेवटी पिणारा स्थूल होतो, असे म्हटले आहे. पहिला भाग बर्मिंगहॅमच्या निष्कर्षाशी जुळतो हे गमतीचे आहे. मात्र त्यामुळे उरलेला श्लोकही सिद्ध झाला असे समजायचे कारण नाही.

गार पाण्याच्या बाजूने एक छोटासा पुरावा आहे, तोही सांगायला हवा. जपानमध्ये अकरा तरुणांवर केलेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २ अंशांचे अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर त्यांच्या जठराच्या हालचाली मंदावल्या आणि नंतरच्या न्याहारीत त्यांनी कोमट किंवा गरम पाणी प्यायल्यावर खाल्ले त्यापेक्षा कमी खाल्ले. पण अकरा तरुण आणि एकेक न्याहारी, एवढ्यावर कोणाचे वजन कमी झाल्याचा दावा करता येत नाही.

पाण्याचा सर्वात मोठा उपयोग ते कशाच्या जागी प्यायले जाते, यात आहे. बहुतेक कोला पेयांच्या १०० मिलिलिटरमध्ये १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरची बाटली म्हणजे १२० ते १३० किलोकॅलरी. ती रोज पिणाऱ्याने तिच्या जागी साधे पाणी घेतले, तर फ्रीजच्या चार लिटर पाण्यातून कागदावर जेवढे मिळते तेवढे त्या एका बदलात मिळते. दिवसातून चार कप गोड चहा घेणाऱ्याला प्रत्येक कपात एक चमचा कमी केला तरी ६४ किलोकॅलरी सुटतात, फ्रीजच्या दोन लिटरच्या बरोबरीच्या.

हा हिशेब क्षुल्लक वाटेल, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आढळले. रक्तातली साखर सीमारेषेवर आलेला माणूस, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यावर, तीन महिने फ्रीजच्या बाटलीवर विसंबून राहिला तर त्याचे ते तीन महिने जातात. चहातली साखर, रात्रीचे उशिराचे जेवण आणि बैठे काम तसेच राहते.

गार पाणी पिण्यात निरोगी माणसाला धोका नाही. दातांना झिणझिण्या येत असतील किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्यांना बर्फाच्या पाण्याने डोके दुखत असेल, तर त्यांनी ते टाळावे. वजनाच्या नादात थोड्या वेळात तीन-चार लिटर पाणी ढोसणे मात्र गार असो वा कोमट, वाईटच. मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरच बाहेर टाकू शकतात आणि त्यापुढे रक्तातले सोडियम घसरू लागते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिवसभराच्या पाण्याचे माप डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते. जेवणाआधीचा अर्धा लिटरही त्यांनी त्याच मापात बसवायचा, आणि बसत नसेल तर सोडून द्यायचा.