चला, हरवलेलं बंदर दाखवू या!

बालमित्रांनो, समजा, उद्या पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या डहाणू-तलासरीकडे पाहण्यासारखं काय आहे?" तुम्ही चटकन म्हणाल, समुद्र, चिकूच्या वाड्या, वारली चित्रं! पण शेजारीच एक हरवलेलं बंदर आहे, हे सांगाल का?

त्याचं नाव संजाण. महाराष्ट्राची हद्द ओलांडून गुजरातेत शिरलं की ते लागतं. आज ते लहानसं गाव आहे. हजार वर्षांपूर्वी मात्र तिथे दूरदेशीची गलबतं येत. २००२ ते २००४ या काळात तिथे उत्खनन झालं. चिनी भांड्यांचे तुकडे, इराण-इराककडची निळसर-हिरवी चकाकणारी खापरं आणि काच सापडली.

पण खापर दाखवून पाहुण्यांना काय कळणार? त्यांना गोष्ट हवी! ती डहाणू तालुक्यातल्याच चिंचणीला सापडली. इ. स. ९२६ च्या ताम्रपटात लिहिलंय, की राष्ट्रकूट राजांनी संजाणवर नेमलेला अधिकारी अरब होता. नाव महंमद, ताम्रपटात मात्र 'मधुमती'! त्याने नदी ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र उघडलं. तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. आहे की नाही गंमत?

पुढे संजाण पडलं. तिथल्या पारशांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोट डोंगरावरच्या गुहेत नेला आणि बारा वर्षं जपला, असं 'किस्सा-ए-संजाण' हे सुमारे १६०० सालचं फारसी काव्य सांगतं. तोच अग्नी आज उदवाड्याला तेवतो आहे, अशी पारशांची श्रद्धा आहे.

पाहुण्यांना बाहरोटवर न्याल, तेव्हा आधी सनावळ्या सांगू नका. आधी त्या फुकटच्या होडीत बसवा, गरम भात वाढा, मग गुहेतला विस्तव राखणारी माणसं दाखवा. ओसाड जागा अशीच बोलू लागते.

आणि एक लक्षात ठेवा. गुहेच्या भिंतीवर नाव कोरायचं नाही. जुन्या जागेवरचं खापर खिशात घालायचं नाही. ते कुठल्या थरात, कशाशेजारी पडलं होतं, यावरूनच त्याचं वय कळतं. उचललंत, की त्याचा पत्ताच पुसला जातो. मग ते बोलणार कसं?