वाजवून घेतलास का?

माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो. नारळ कानाशी धरून हलवतो, साडीचा पदर उलटा करून धागे बघतो, स्टीलच्या डब्याचं झाकण दोनदा लावून-काढून बघतो. पण लेकाने पहिल्या पगारातून साडेअकरा हजारांचा रोबोट आणला, तेव्हा मी फक्त किंमत ऐकली आणि कपाळाला हात लावला. ‘अरे, एवढ्यात घरात चांगला मिक्सर आला असता!’

‘आई, हे खेळणं नाहीये. कलेक्शन आहे.’

‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची ही मंडळी तुमच्याही घरात कधीतरी येऊन गेली असतील. दारं वळवा, चाकं आत ढकला, मधला भाग उलटा करा, की ट्रकचा माणसासारखा रोबोट होतो. खेळणी मूळची जपानी. तिथल्या तकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ ही मालिका १९८० सालची. त्यात सज्जन-दुर्जन यंत्रांची टोळी वगैरे काही नव्हती, यंत्रात बसून ती चालवणारी छोटी छोटी माणसं होती. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ही आणि आणखी काही खेळणी उचलली, त्यांना नावं दिली, दोन पक्ष पाडले आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून बाजारात आणली. तेव्हा ती हातात घेतलेली पोरं आता पन्नाशीला आली. त्यांच्यासारख्या मोठ्यांसाठीच २००३ पासून ‘मास्टरपीस’ ही महागडी मालिका निघाली. लेकाने घेतला तो त्यातला २०११ सालचा ऑप्टिमस प्राइम, लाल-निळा ट्रक. वापरलेला, ओळखीच्या ओळखीतून भेटलेल्या एका विक्रेत्याकडून.

त्याने तो कौतुकाने टीव्हीशेजारी उभा केला. हातात बंदूक दिली. आणि हात हळूहळू खाली आला.

‘हात का पडतोय रे ह्याचा?’

‘असतं थोडं तसं.’

‘घेताना वाजवून घेतलास का?’

तो काही बोललाच नाही. मला तिथेच पाल चुकचुकली.

रविवारी त्याचा मित्र आपला तोच रोबोट घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. मी पोहे द्यायला गेले ती तिथेच बसले. खरं सांगते, पारख करण्याची ही विद्या आपल्याला नवीन नाही, फक्त वस्तू नवीन.

पहिली परीक्षा सांध्यांची. हे खेळणं म्हणजे सगळा सांध्यांचाच खेळ. काही सांधे दातेरी असतात, वाकवताना कट्-कट् आवाज येतो आणि थांबवाल तिथे थांबतात. काही नुसते गोळी आणि खोबण, घट्टपणावर धरून ठेवणारे. मित्राच्या रोबोटचा गुडघा वाकवला की दर वेळी सारखाच आवाज. आमच्याचा एकदा कट्, एकदा काहीच नाही. मग त्याचा ट्रक केला. चांगल्या नगात शेवटचा भाग बसताना बोटाला कळतं, डब्याचं झाकण बसल्यासारखं. आमच्या ट्रकच्या दारापाशी नखभर फट राहिली. ती दाबली की पलीकडची बाजू उचकटायची.

नंतर रंग. एका रंगाची कड दुसऱ्यावर सांडलीय का, डावं-उजवं सारखं आहे का. मित्र म्हणाला, ‘काकू, कधीकधी नव्याकोऱ्या अस्सल नगातही दोन्ही पाय डाव्याच बाजूचे निघतात. म्हणून खोक्यातून काढल्या काढल्या दोन्ही बाजू ताडून बघायच्या.’ खिळा किंवा स्क्रू जिथे शिरतो तिथे प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली असेल तर तो भाग ताणाखाली आहे असं समजायचं. रेघ आज, चीर उद्या.

माझं लक्ष मात्र त्या बारीक अक्षरांकडे गेलं. मित्राच्या रोबोटवर आतल्या बाजूला कंपनीची नावं कोरलेली होती. आमच्याचा तोच भाग गुळगुळीत, घासल्यासारखा. मी चष्मा लावून पुन्हा बघितलं. लेकाने बघितलं. मित्र खिडकीबाहेर बघू लागला.

नक्कल. ‘मेड इन चायना’वरून यात काहीच ठरत नाही बरं का, कारण अस्सल मालही चीन आणि व्हिएतनाममध्ये बनतो. ठरतं ते साच्याच्या रेखीवपणावरून, छपाईवरून, सांध्यांवरून. लेकाने विक्रेत्याला फोन लावला. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा बंद. त्या दिवशी तो जेवला नाही. मलाही काही बोलवेना. मिक्सरचं बोलून झालं होतंच.

जुनं घेताना आणखी काय काय बघावं लागतं, ते मित्राकडून मी मुद्दाम विचारून घेतलं. पांढरं प्लॅस्टिक उन्हाने आणि वयाने पिवळं पडतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन वापरून उजळवतात, पण पिवळेपणा परत येऊ शकतो. म्हणून फार शुभ्र जुना नग दिसला तर तसं विचारायचं. चांदीसारखा मुलामा कडांना उडालाय का ते बघायचं. बॅटरीची जागा उघडून आत पाझरलेलं नाही ना, तेही. सगळ्यात वाईट ते सोनेरी चमचमतं प्लॅस्टिक. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांतल्या काही खेळण्यांत ते वापरलं गेलं आणि ते आतूनच ठिसूळ होत जातं. न वापरता खोक्यात ठेवलेलं असलं तरी! हलवलं की खारी बिस्किटासारखा चुरा. जपून ठेवलं म्हणून टिकेल, हा हिशेब तिथे चालतच नाही.

आमच्या बालवाडीला लोक जुनी खेळणी देतात, म्हणून एक गोष्ट मी वेगळी लिहून ठेवली. २००३ च्या त्या पहिल्या मास्टरपीस ऑप्टिमसचे धुराडे जपानी आवृत्तीत लांब होते; अमेरिकेत तोच रोबोट आला तेव्हा सुरक्षिततेच्या नियमांमुळे ते आखूड केले. संग्राहकाला लांब धुराडा हवा असतो, आणि तीन वर्षांच्या पोराच्या डोळ्याला तोच नको. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मोठ्यांचं कलेक्शन ‘रोबोटच तर आहे’ म्हणून भाच्याच्या हातात देऊ नका. बंदूक तोंडात जाते.

चार दिवसांनी रात्री लेक माझ्या खोलीत आला. ‘आई, तुझ्याकडे बिनरंगाचं नेलपॉलिश आहे?’ मी म्हटलं, आता हे काय? तर म्हणे सैल गोळीवर त्याचा पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच सांधा परत बसवायचा. घाई केली तर आतच चिकटून बसतो. स्क्रू त्याने काढले, थर मी दिला. नखांची सवय माझ्याच हाताला ना!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोबोटने बंदूक धरली ती धरलीच. हे ऑफिसमधून आले, बघून म्हणाले, ‘छान उभा राहिलाय की. केवढ्याला पडला?’

लेकाने माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला आत गेले.