उतारावर ट्रॅक्टरने गवत कापताना



आमची सीताफळाची बाग पुरंदर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला आहे. खाली ताली घातलेल्या आहेत, तिथे उतार कमी. वरचा तुकडा मात्र चांगलाच चढाचा आहे. पावसाळ्यात ओळींच्या मध्ये गुडघ्याएवढे गवत माजते. ते कापायला आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडायचा कटर घेतला. शाळा सुटली की मी मडगार्डवर बसायची. मला फार ऐट वाटायची.

२०२४ सालच्या भाद्रपदात आम्ही वरच्या तुकड्यात आडवे कापत होतो. गवतात एक धोंडा लपला होता. चढाकडचे मागचे चाक त्यावर चढले आणि ट्रॅक्टर खालच्या अंगाला कलला. मी खालच्याच मडगार्डवर होते. तात्यांनी चटकन तोंड उताराकडे वळवले, कटर जमिनीला टेकवला आणि ट्रॅक्टर थांबला. तात्या एवढेच म्हणाले, "उतर पोरी." त्यांचे हात थरथरत होते. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, एवढा जड ट्रॅक्टर कलतो कसा?" गुरुजींनी एक फळी आणि एक वीट आणायला सांगितली. फळीवर वीट उभी ठेवली आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलले. वीट लवकर पडली. मग तीच वीट आडवी ठेवली. फळी कितीतरी जास्त उचलली तेव्हा कुठे ती उलटली. गुरुजी म्हणाले, प्रत्येक वस्तूच्या वजनाचा एक मध्य असतो, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. तिथून सोडलेला ओळंबा वस्तूच्या पायाच्या आत पडतो तोवर ती उभी राहते. बाहेर गेला की ती उलटते. तुम्हीही घरी करून पाहा.

आता ट्रॅक्टरचा पाया कसा असतो ते पाहू. चाके चार, म्हणून पाया चौकोनी असे मला वाटले होते. पण पुढचा आस मधोमध एका खिळीवर डुलता असतो, म्हणून खरा पाया त्रिकोणी, तिवईसारखा. मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी असे तिचे तीन पाय. त्यामुळे ट्रॅक्टर बाजूला कलायला आपल्याला वाटते तेवढे लागत नाही. त्यात मडगार्डवर माणूस बसला की वजन वर जाते. कटर उंच उचलला तरी तेच. वेगात वळण घेतले तर बाहेरचा ओढा वाढतो; वेग दुप्पट केला तर ओढा चौपट होतो.

ट्रॅक्टर मागेही उलटतो. चढावर एकदम क्लच सोडला, की मागची चाके जमीन धरतात आणि पुढचे तोंड वर उठते. मग दोन अंक मोजेपर्यंत सगळे संपते. उडी मारायला वेळच मिळत नाही.

उतार किती आहे हे डोळ्यांना कळत नाही. तो मोजायची सोपी रीत गुरुजींनी शिकवली. एक मीटरची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक उतारावर टेकवा आणि दुसरे टोक खालच्या बाजूला हवेत धरा. अर्धी पाण्याने भरलेली बाटली काठीवर आडवी ठेवली की काठी समपातळीत आहे का ते कळते. आता हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंत दोरा सोडा आणि मोजा. १८ सेंटीमीटर आले तर उतार सुमारे १० अंश. २७ आले तर १५ अंश. गवत कापायच्या बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकेत १५ अंशांवर जाऊ नका असे लिहिलेले असते. तरी आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच पाळावा. आमच्या तालीवर १४ सेंटीमीटर आले. वरच्या तुकड्यात आले ३३! तात्या मटकन खालीच बसले.

तेव्हापासून आमच्या घरी हे नियम आहेत:

१. आधी रान पायी फिरून बघायचे. धोंडे, खड्डे, वारूळ, खोडके असेल तिथे काठी रोवून फडके बांधायचे.

२. गवत ओले असेल तर कापायचे नाही. दव वाळेपर्यंत थांबायचे.

३. चढ असेल तिथे आडवे न जाता उभे कापायचे. ट्रॅक्टर रिव्हर्सने वर न्यायचा आणि खाली येताना कापायचे.

४. हलका गियर आधीच टाकायचा. उतारावर न्यूट्रल करायचे नाही, क्लच दाबून घरंगळायचे नाही. दोन्ही ब्रेकची पायडले एकमेकांना जोडून ठेवायची. चारी चाकांची ओढ असेल तर ती चालू ठेवायची.

५. ओघळ किंवा ताल जेवढी खोल, तेवढे तरी अंतर काठापासून सोडायचे. काठ पोकळ असतो.

६. कटरमध्ये गवत अडकले तर इंजिन बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावरच हात लावायचा. पाते नंतरही थोडा वेळ फिरत राहते.

७. लोखंडी कमान उभी आणि सीटबेल्ट बांधलेला, दोन्ही पाहिजेत. ट्रॅक्टर उलटला तर कमान चालवणाऱ्याभोवती जागा राखते आणि बेल्ट त्याला त्या जागेत धरून ठेवतो.

या कमानीविषयी थोडे जास्त सांगते. सीताफळाच्या फांद्या लागतात म्हणून तात्यांनी आमची कमान दुमडून ठेवली होती. गुरुजी म्हणाले, "स्वीडन देशात १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरला कमान सक्तीची झाली आणि उलटून होणारे मृत्यू पुढे फारच कमी झाले." हे ऐकून आजी तात्यांना म्हणाली, "फांदी छाटली तर पुन्यांदा फुटंल रं. माणूस फुटंल का?" तात्यांनी त्याच दिवशी फांद्या छाटल्या आणि कमान उभी केली.

वरचा तुकडा आता आम्ही विळ्याने कापतो. आई, काकी, आजी आणि तात्या लागले की दोन दिवस जातात. मी पेंढ्या वाहते. कंबर दुखते हे खरे, पण गाईला हिरवा चारा मिळतो आणि तात्या संध्याकाळी जेवायला घरी असतात.

पालकहो, एक विनंती आहे. मुलांना मडगार्डवर बसवू नका. आम्ही हट्ट केला तरी बसवू नका. आमच्या ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांवर मी पांढऱ्या रंगाने लिहिले आहे, "ही बसायची जागा नाही." शुद्धलेखन गुरुजींनी तपासून दिले.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी